एकसष्ट मतं

चिठ्ठी लोरेनानेच त्याच्या हातात दिली होती. ही गोष्ट तिने पुढे कधी लपवली नाही, आणि तिचा सल गेलाही नाही.

जूनमधली दुपार. सिनेटच्या सभागृहात कारकून एकेक नाव पुकारत होता आणि लोरेना आयसन आपल्या ठरलेल्या टेबलाशी उभी राहून कागदावर खुणा करत होती. बहुमतातल्या पक्षाची मतं मोजणं हे तिचं काम. सव्वीस वर्षं ती ते करत होती, आणि तिचा आकडा चुकला असं म्हणणारा सिनेटर अजून जन्माला यायचा होता. विधेयक खाणकामगारांचं होतं. कोळशाची धूळ खाऊन ज्यांची फुफ्फुसं काळी पडली, त्यांना पेन्शन मिळवायला कंपनीच्या डॉक्टरच्या पाया पडायला लागू नये, आणि माणूस गेल्यावर ती पेन्शन त्याच्या बायकोला विनातक्रार चालू राहावी, एवढंच त्यात मागितलं होतं. काही सिनेटरांनी नुसतं बोलत राहून ते तीन आठवडे अडवून धरलं होतं. त्यांची तोंडं बंद करायची तर शंभरातली साठ मतं लागतात. पडली एकोणसाठ.

एक म्हातारा सिनेटर पाठ धरून इस्पितळात पडला होता, म्हणून एक कमी. लोरेनाने चिठ्ठीवर दोनच शब्द लिहिले, 'मत बदला', आणि ती पक्षनेत्याच्या हातात ठेवली. एल्डन स्टिडमने ती उघडलीसुद्धा नाही. काय लिहिलं असणार ते त्याला ठाऊक होतं. त्याने हात वर करून अध्यक्षांचं लक्ष वेधलं आणि आपल्या 'हो'चं 'नाही' करून घेतलं.

बाहेरच्या माणसाला हा वेड्यांचा बाजार वाटेल, पण तिथला नियमच तसा आहे. मतदानात जी बाजू जिंकली, त्या बाजूला मत दिलेल्यालाच फेरविचाराची सूचना मांडता येते. म्हणून विधेयक पडताना दिसलं की नेता शेवटच्या क्षणी मुकाट्याने पाडणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो, सूचना नोंदवून ठेवतो, आणि पुढे मतं जमली की तेच विधेयक पुन्हा मांडतो. लोरेनाने हे पंधरा-वीस वेळा पाहिलं होतं. सभागृहात त्याचं कुणाला काही वाटत नाही. छापील नोंदीत मात्र 'स्टिडम: नाही' एवढंच उरतं, कारण माणसाच्या मनात काय होतं ते छापायची सोय छापखान्यात नसते.

आणि एल्डनच्या गावाकडे, केंटकी राज्यातल्या टॅकेट काउंटीत, लोक छापलेलं वाचतात. निवडणुकीचं वर्ष होतं. एल्डनच्या विरोधात उभ्या राहिलेल्या उमेदवाराने नवव्या दिवशी ती ओळ मोठ्या अक्षरांत छापून पेट्रोल पंपावर, न्हाव्याकडे, चर्चच्या पायरीवर, सगळीकडे वाटली. दहाव्या दिवशी लोरेनाचा फोन वाजला.

"पोरी, मी काय ऐकतोय हे?" पलीकडे होबर्ट स्टिडम होता, एल्डनचा थोरला भाऊ, लोरेनाच्या गावचाच. चार शब्द बोलला की त्याला थांबावं लागे, आणि तो थांबला की नाकातल्या नळीतून येणाऱ्या हवेची सुरसुर फोनवर ऐकू येई. "धाकट्याने आपल्याच बिलाला लाथ मारली म्हणे."

"नाही हो, होबर्टकाका. तशी रीत आहे इथली."

"कसली रीत? माणसाला हो म्हणायचं असेल तर तो हो म्हणतो."

लोरेनाने सगळं समजावून सांगितलं, मग पुन्हा एकदा सांगितलं. होबर्ट ऐकत राहिला.

"म्हणजे परत आणता यावं म्हणून नाही म्हटलं."

"अगदी तसंच."

"आणि आणणार?"

"आणणार. माझा शब्द."

"तुझा कशाला? शब्द त्याने द्यायचा."

"काका, मतं मी मोजते. तुम्ही माझा शब्द घ्या."

होबर्ट थोडा वेळ श्वास घेत राहिला. "बरं," तो म्हणाला. "मग आता इथे कुणी काही बोललं तर मी बघून घेतो."

हा होबर्ट कोण, हे सांगितल्याशिवाय एल्डनची थोरवी कळायची नाही. बाप खाणीत छत कोसळून गेला तेव्हा होबर्ट सोळा वर्षांचा होता आणि एल्डन नऊ. होबर्टने शाळा सोडली, बापाच्या टोपीवरचा दिवा उचलला आणि खाणीत उतरला. एकतीस वर्षं तो उतरत राहिला. त्या दिव्यावर एल्डन शिकला, लेक्सिंग्टनला जाऊन वकील झाला, परत येऊन काउंटीचा वकील झाला, मग खालच्या सभागृहात गेला आणि तिथून सिनेटमध्ये. त्याच्या प्रत्येक प्रचारसभेत एक ठरलेला प्रसंग असे. भाषण रंगात आलं की तो कोटाच्या आतून एक क्ष-किरण चित्र काढून दिव्यासमोर धरायचा. होबर्टची फुफ्फुसं. बरगड्यांच्या मागे काळा-पांढरा भुगा. "हा माझा भाऊ," तो म्हणायचा, आणि पुढे काहीच न बोलता ते चित्र तसंच धरून ठेवायचा. बायका डोळे पुसायच्या, पुरुष टोप्या काढायचे. त्या एका चित्रावर त्याने चार निवडणुका मारल्या. पाचवीला चित्र जुनं दिसायला लागलं तेव्हा होबर्टला दवाखान्यात नेऊन नवीन काढून घेतलं.

होबर्टचा पेन्शनचा अर्ज मात्र तीनदा फेटाळला गेला होता. कंपनीच्या डॉक्टरने लिहिलं होतं की ही फुफ्फुसं विडी-काडीने गेलेली आहेत. होबर्टने जन्मात सिगारेट ओढली नव्हती. तो डॉक्टर त्याला एकदाच भेटला होता, तेही नऊ मिनिटं.

एल्डन सिनेटमध्ये वर चढला तो भाषणांवर नव्हे. कुणाच्या बायकोचं ऑपरेशन आहे, कुणाची मुलगी कुठल्या कॉलेजात अडकली आहे, कुणाच्या आईला कुठलं फूल आवडतं, हे त्याला तोंडपाठ असायचं. सहकाऱ्यांच्या घरच्या अंत्यविधींना तो इतक्या दूर जाऊन उभा राहिला होता की निम्मी सिनेट त्याच्या उपकाराखाली होती. आधी उपनेता, मग नेता. प्रत्येक पायरीला तो टॅकेट काउंटीत येऊन सांगायचा की अजून एक पायरी, मग तुमचं बिल झालंच म्हणून समजा. लोक समजत होते. लोरेनाही समजत होती. तिचा बाप त्याच खाणीत काम करून, उशीला टेकून बसल्या बसल्या, बावन्नाव्या वर्षी गेला होता. आडवं पडलं की त्याला श्वास मिळायचा नाही.

जुलैच्या सुट्टीत ती घरी गेली तेव्हा तिने चर्चच्या अंगणात, तळलेल्या माशांच्या जेवणाला, तीस-चाळीस माणसांना सिनेटचा तो नियम शिकवला. कुणी हसलं, कुणी मान हलवली. होबर्टची बायको ओमा मक्याच्या पावाचे तुकडे करता करता म्हणाली, "आमच्या घरात कुणी असं हो-नाही केलं असतं तर मी लाटणं घेतलं असतं." तरीही सगळ्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला, कारण ती आयसनांची पोर होती आणि तिचा बाप समोरच्याच टेकडीवर पुरलेला होता.

सिनेट पुन्हा भरलं आणि लोरेना कामाला लागली. पाठीचा सिनेटर इस्पितळातून काठी टेकत परतला. साठ झाले. डोंगरी राज्यातला एक नवा सिनेटर होता, कुणाचं काही ऐकून न घेणारा; तिने त्याला तीनदा गाठलं, आणि तिसऱ्यांदा बापाच्या उशीची गोष्ट सांगितली. ती गोष्ट तिने आजवर त्या इमारतीत कुणाला सांगितली नव्हती. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माझं मत धरून चाल." सोळा सप्टेंबरला दुपारी कागद घेऊन ती एल्डनच्या खोलीत गेली. तो टेबलावरच घेवड्याचं सूप पीत बसला होता.

"एकसष्ट," ती म्हणाली.

एल्डनने चमचा ठेवला. कागदावरून बोट फिरवत तो नावं वाचू लागला आणि शेवटच्या नावापाशी थांबला. "हा खरंच हो म्हणाला?"

"तोंडावर."

"कमाल आहे तुझी, लोरेना." त्याने कागदाची घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली. "पुढच्या आठवड्यात आणू."

पुढच्या आठवड्यात कराचं विधेयक होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात लष्कराचा खर्च. मग दोन सिनेटर दौऱ्यावर गेले होते. मग वेळापत्रकच भरलं होतं. सिनेटचं वेळापत्रक ठरवतो पक्षनेता, आणि तोच नेता वेळापत्रकाच्या नावाने गळा काढत होता. लोरेना रोज सकाळी विचारायची आणि तो रोज तिच्या खांद्यावर हात ठेवायचा.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उपनेता विन्स्लो टार तिला व्हरांड्यात भेटला. टारच्या राज्यात कोळशाच्या कंपन्यांची कचेरी होती आणि टारच्या खिशात कंपन्या, की कंपन्यांच्या खिशात टार, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"तुझी यादी फार सुंदर झालीय म्हणे," तो म्हणाला. "फ्रेम करून ठेव."

"का बरं?"

"बाहेर निघणार नाही म्हणून. तुझ्या साहेबाने आम्हा पाचजणांना जेवायला बोलावून सांगितलं. नोव्हेंबरात पक्षाला नेता निवडायचाय ना. आमची पाच मतं नसतील तर त्याची खुर्ची जाते."

"म्हणजे तुम्ही धमकी दिलीत त्याला."

टार मनापासून हसला. "धमकी? अगं बाई, आम्ही तोंड उघडायच्या आधीच त्याने कबूल करून टाकलं. मी तर गोड खायचीच वाट बघत होतो."

लोकांनी गळ्यावर सुरी ठेवली म्हणून एखादा वाकला तर त्याची दया तरी येते. या माणसाने सुरी दिसायच्या आधीच मान पुढे केली होती, आणि ती मानही स्वतःची नव्हती. ती तडक त्याच्या खोलीत शिरली.

"त्या पाचजणांना काय वाढलंत जेवायला?"

एल्डनने दरवाज्याकडे पाहिलं. "बस, लोरेना."

"उभीच बरी आहे मी."

"हे बघ, सूचना मी मागे घेतलेली नाही. यादीवर आहे ती."

"यादीवर राहून कुणाला पेन्शन मिळते?"

"मी नेता राहिलो तर ते बिल पुढच्या वेळी येईल. टार नेता झाला तर त्याचं नावसुद्धा कुणी काढणार नाही. तुला हे मी सांगायला हवं का?"

"आज नेता तुम्हीच आहात ना? मग आज आणा."

"इतकं सोपं असतं तर—"

"इतकंच सोपं आहे. उभं राहायचं आणि दोन वाक्यं म्हणायची. बाकीचं सगळं मी करून ठेवलंय."

"तुला राजकारण कळतं. तू तरी असं बोलू नयेस."

"कळतं म्हणूनच बोलतेय. होबर्टकाकांना मी शब्द दिलाय."

"तो माझा भाऊ आहे. त्याचं औषधपाणी मी बघेन, काही कमी पडू देणार नाही."

"त्यांना तुमचं दान नकोय. खाणीने जे घेतलं त्याची भरपाई हवीय, स्वतःच्या नावावर. आणि टॅकेट काउंटीत असे होबर्ट चारशे आहेत. त्या सगळ्यांचं औषधपाणी बघणार आहात?"

एल्डन उठून तिच्याजवळ आला. मग अगदी मऊ आवाजात, अंत्यविधीला बोलायचा त्याच आवाजात, तो म्हणाला, "मत बदलायची चिठ्ठी तूच दिली होतीस, लोरेना."

खरी गोष्ट इतक्या नीचपणे वापरता येते हे तिला त्या दिवशी कळलं.

तरी ती शेवटपर्यंत थांबली. सव्वीस वर्षांची सवय सहजासहजी जात नाही. त्याला लाज वाटेल, भाऊ आठवेल, निदान त्या चित्राची तरी आठवण होईल, असं तिला रोज वाटायचं. ऑक्टोबरच्या एका मंगळवारी, दुपारी तीन वाजता, एल्डन स्टिडम उठला आणि त्याने सिनेटचं अधिवेशन कायमचं संपवायची सूचना स्वतः मांडली. कुणाची हरकत आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं. हरकत नव्हती. हातोडा पडला आणि त्या क्षणी, न मांडलेल्या सगळ्या सूचनांबरोबर, ती सूचनाही मेली. सिनेटर एकमेकांना निवडणुकीच्या शुभेच्छा देत विमानतळाकडे निघाले.

जाता जाता एल्डनने लोरेनाला एक बंद पाकीट दिलं. टॅकेट काउंटीतल्या खाणकामगारांच्या युनियनची शनिवारी सभा होती. कुणाला पाठिंबा द्यायचा हे ठरायचं होतं, आणि त्यालाच नेमकं त्या दिवशी दुसऱ्या राज्यात जाणं भाग होतं. "माझं पत्र तू वाचून दाखव," तो म्हणाला. "तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा. तुझे वडील तिथे आहेत."

तिच्या बापाचंसुद्धा त्याने मत धरून ठेवलं होतं.

युनियनच्या हॉलमध्ये दोनशेच्या वर माणसं होती. बसलेल्यांपैकी निम्मे खोकत होते. पहिल्या रांगेत होबर्ट, पायाशी प्राणवायूची टाकी, शेजारी ओमा. लोरेनाला पाहून होबर्टने हात वर केला. जूनपासून तो भावाच्या बाजूने न्हाव्याकडे, टपाल कचेरीत, चर्चमध्ये भांडत आला होता, आणि ज्याला जिना चढता येत नव्हता तो माणूस भांडायला श्वास कुठून आणत होता हे ओमालाच ठाऊक.

लोरेनाने पत्र वाचलं. पत्र सुरेख होतं. माझं खरं मत हो आहे. ते 'नाही' म्हणजे केवळ सिनेटची रीत. आमच्या प्रयत्नांना थोडी मतं कमी पडली. पण पुढच्या अधिवेशनात, तुमचा नेता या नात्याने, सगळ्यात आधी. खाली सही. हॉलमध्ये काही टाळ्या पडल्या. होबर्टने तर तिसऱ्या वाक्यापासूनच मान डोलवायला सुरुवात केली होती.

तिने पत्राची घडी घातली. इथे तिने व्यासपीठावरून खाली उतरायचं होतं.

"यात जूनबद्दल जे लिहिलंय ते खरं आहे," ती म्हणाली. "ती रीतच आहे. मत बदलायची चिठ्ठी मीच त्याच्या हातात दिली, परत आणता यावं म्हणून. जुलैत तुम्हाला मी हेच सांगितलं. पण मतं कमी पडली हे खोटं आहे. साठ लागत होती. सप्टेंबरात आपल्याकडे एकसष्ट होती. त्याने बिल आणलं नाही. नेतेपद राखायला पाचजणांची मतं हवी होती, म्हणून त्यांना त्याने आपलं बिल देऊन टाकलं. त्यांनी मागायच्या आधी."

कुणी खोकलंही नाही.

"जूनमध्ये त्या कागदावरचं 'नाही' त्याचं नव्हतं," ती म्हणाली. "आता आहे. तुम्ही छापलेलं वाचलंत तेच खरं. मी तुम्हाला उलट सांगितलं. माझं चुकलं."

मागून कुणीतरी काही ओरडायला लागला, पण होबर्टने हात वर केला तसा तो गप्प बसला.

"सप्टेंबरात कधी?" होबर्टने विचारलं.

"सोळा तारखेला."

"मोजली कुणी?"

"मी. दोनदा."

"आणि त्याला माहीत होतं."

"कागद त्याच्या हातात दिला, काका. खिशात ठेवला त्याने."

होबर्टने नाकातली नळी नीट केली. त्याला बोलायला फार वेळ लागला, आणि दोनशे माणसं तेवढा वेळ थांबली.

"सतराला माझा वाढदिवस असतो," तो म्हणाला. "फोन आला होता त्याचा. मी विचारलं, बिलाचं काय? तर म्हणाला, दादा, अजून दोन कमी पडतायत. तू काळजी करू नकोस, म्हणाला." तो थांबला. "मी म्हटलं, तू जिवाला फार त्रास करून घेऊ नकोस."

ओमाने टाकी उचलली. होबर्ट तिच्या खांद्यावर हात ठेवून उठला आणि मधल्या वाटेने, तीनदा थांबत, बाहेर गेला. पाठिंब्याचं मतदान त्याच्यामागे झालं. एल्डनला अकरा मतं पडली.

याने काही बिघडलं असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. टॅकेट काउंटी छोटी आहे आणि राज्य मोठं. एल्डन निवडून आला, आणि दोन आठवड्यांनी एकही मत विरोधात न जाता पुन्हा पक्षनेता झाला. टारने त्याचं नाव सुचवलं. लोरेनाने राजीनामा धाडला त्याला उत्तरादाखल फुलं आली. तिने ती दारातूनच परत केली. ती गावी आली आणि कोर्टासमोर दोन खोल्या घेऊन खाणकामगारांचे अर्ज भरून द्यायला लागली. पुढच्या अधिवेशनात 'सगळ्यात आधी' दुसरंच काहीतरी आलं.

होबर्ट फेब्रुवारीत गेला, चौथ्या अर्जाचा निकाल यायच्या आत. एल्डनने सिनेटमध्ये भावावर वीस मिनिटं भाषण केलं. ऐकणाऱ्यांत टारसुद्धा रडला म्हणतात. आणि त्या भरात एल्डनने एक विधेयक मांडलं, की टॅकेट काउंटीतल्या टपाल कचेरीला होबर्ट स्टिडम यांचं नाव द्यावं. ते मात्र आठ दिवसांत मंजूर झालं.

पाटी लावायचा समारंभ सप्टेंबरात झाला. शाळेचा बँड, दुमडत्या खुर्च्या, पाटीवर निळं कापड. लोरेनाला यायचं नव्हतं. पण ओमा म्हणाली, "तू नसशील तर मी एकटी पडेन तिथे," म्हणून ती आली आणि तिच्या शेजारी बसली. विधवेच्या पेन्शनचा ओमाचा अर्ज लोरेनानेच भरला होता. त्याचा नकार गेल्या गुरुवारी आला होता. नवऱ्याचा आजार खाणीतलाच होता हे सिद्ध होत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

एल्डन बोलला. छान बोलला. मग त्याने ओमाला हात दिला आणि माईकपाशी आणलं. "वहिनी, तुम्ही दोन शब्द बोला."

ओमाने माईककडे पाहिलंच नाही. ती दिराकडे वळली, पण माईक जवळच होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"एल्डन, या पाटीला तुमच्या तिथे किती जणांनी हो म्हटलं?"

"सगळ्यांनी, वहिनी." त्याने लोकांकडे पाहिलं. "मतदानसुद्धा घ्यावं लागलं नाही."

"शंभरच्या शंभर?"

"शंभरच्या शंभर. एकाचीही हरकत नव्हती."

"आठ दिवसांत?"

"आठ दिवसांत."

ओमाने मान हलवली.

"म्हणजे माणसं होती तुझ्याकडे," ती म्हणाली, आणि खुर्चीवर जाऊन बसली.